नासाडी जिथे दिसते, तिथे ती सुरू झालेली नसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका कर्मचारी उपाहारगृहाची खरेदी सांभाळता. तिथे रोज शिजवलेलं अन्न उरतं, घरीही दर आठवड्याला काही ना काही टाकलं जातं, आणि ते मनाला टोचतं. पण वाचायला गेलं की एक जण म्हणतो सगळ्यात जास्त नासाडी घरांत होते. दुसरा म्हणतो, शेतापासून दुकानापर्यंतच एवढं वाया जातं की घरच्या वाटीभर उरलेल्याचा हिशेब करण्यात अर्थ नाही. खरं कोणाचं, आणि सुरुवात कुठून करायची?

मी २२ वर्षं या कामात आहे. सुरुवातीची अर्धी वर्षं शीतगृहं आणि ताज्या मालाची वाहतूक यांत गेली, नंतरची मोठ्या स्वयंपाकघरांत उरलेलं अन्न मोजण्यात. दोन्ही टोकं जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की 'इथे की तिथे' असा प्रश्न विचारला की उत्तर हमखास चुकतं. अन्न ज्या डब्यात पडतं तिथे ते वाया गेलेलं दिसतं. ते वाया जाणार हे मात्र बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं, दुसऱ्याच ठिकाणी आणि दुसऱ्याच कोणाच्या हातून.

आधी आकडे, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. 'जगातलं एक तृतीयांश अन्न वाया जातं' हे वाक्य संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०११ सालच्या अभ्यासातून आलं. वर्षाला सुमारे १३० कोटी टन. शेतापासून ताटापर्यंत सगळे टप्पे धरून, पण फक्त माणसाने खाण्याजोगा भाग मोजून. पुढे मोजणीचे दोन भाग झाले. कापणीनंतरपासून किरकोळ दुकानाच्या दारापर्यंत जे जातं ते 'नुकसान'. दुकानं, खानावळी आणि घरं इथे जातं ती 'नासाडी'. नुकसानीचा अंदाज त्याच संघटनेने २०१९ मध्ये सुमारे १४ टक्के असा दिला, आणि तो मालाच्या किमतीच्या हिशेबाने काढलेला आहे. नासाडीचा आकडा संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम देतो. त्याच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात १०५ कोटी टन, म्हणजे ग्राहकांसाठी उपलब्ध झालेल्या अन्नाच्या १९ टक्के. त्यातले ६३.१ कोटी टन घरांतले, २९ कोटी टन खानावळी-उपाहारगृहांतले आणि १३.१ कोटी टन दुकानांतले. मात्र यात साली, हाडं, कोयी असा न खाण्याचा भागही धरलेला आहे.

म्हणजे एक आकडा किमतीचा, दुसरा वजनाचा; एकात साली आहेत, एकात नाहीत. १४ आणि १९ मिळून ३३ होतात, त्यामुळे जुना 'एक तृतीयांश' सिद्ध झाला असं अनेकांना वाटतं. ती बेरीज मुळात करताच येत नाही. आणि भाव पडल्यामुळे काढणीची मजुरीही सुटणार नाही म्हणून शेतात तसंच सोडून दिलेलं पीक या दोन्ही आकड्यांत कुठेच नाही.

आणखी एक समज मी स्वतः बरीच वर्षं बाळगून होते: श्रीमंत देशांत अन्न घरात वाया जातं आणि गरीब देशांत वाटेत. त्याच २०२४ च्या अहवालाने ही विभागणी डळमळीत केली. घरातल्या नासाडीचं जगाचं सरासरी प्रमाण माणशी वर्षाला ७९ किलो आहे. उच्च, उच्च-मध्यम आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या सरासऱ्यांमध्ये फरक आहे तो माणशी ७ किलोंचा. घरातली नासाडी ही चंगळीची खूण आहे असं मानून उपदेश करणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा.

आता मुद्द्याकडे येते. नासाडीकडे बघताना मी किलोंच्या आधी दिवस मोजते.

तोडलेलं फळ, खुडलेली पालेभाजी जिवंत असते. ती श्वसन करते, स्वतःतली साखर जाळते, उष्णता आणि पाणी बाहेर टाकते. मुळापासून तुटल्यावर नवं काही मिळत नाही, म्हणजे जवळची पुंजी मोडून खाणं सुरू होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून प्रत्येक मालाला तोडणीच्या क्षणी काही ठरावीक दिवसांचं आयुष्य मिळालेलं असतं, असं समजा. पुढे जो जो त्याला हात लावतो तो त्यातले काही दिवस खर्च करतो. शेतकरी, आडत्या, वाहतूकदार, गोदाम, दुकान. उरतील तेवढे दिवस घेऊन तो माल तुमच्या दारात येतो. नासाडी कोणाच्या डब्यात पडते याला महत्त्व आहेच, पण दिवस कोणी उधळले ते पाहिल्याशिवाय ती थांबत नाही.

एक प्रसंग सांगते. मी तेव्हा एका वितरण केंद्रात माल उतरवण्याच्या धक्क्यावर काम करत होते. पहाटे एक शीत-ट्रक आला, पालेभाज्यांचे क्रेट भरलेला. गाडीच्या पॅनेलवर ४ अंश दिसत होतं, नोंदीच्या पट्टीवरही रात्रभर ४ अंश. दाराजवळच्या क्रेटमध्ये मी प्रोब थर्मामीटर, म्हणजे मालाच्या आत घालायच्या सुईचा थर्मामीटर, खुपसला: ५. सगळे खूश. मग पॅलेट सोडवून मधल्या थरातला क्रेट काढायला लावला आणि त्यातल्या जुडीच्या पोटात प्रोब घातला. १६. हात लावला तरी कळत होतं, जुडी आतून कोमट होती, आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला घाम धरला होता.

ट्रक खोटं बोलत नव्हता. त्याने हवा ४ अंशांवर राखली होती. शीत-ट्रकचं यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी बनवलेलं असतं. गरम माल थंड करण्याची ताकद त्यात नसते. भाजी दुपारच्या उन्हात काढली, शेतातली उष्णता तिच्यात तशीच होती, आणि तोडणीनंतर लगेच थंड करण्याची पायरी, जिला आम्ही प्री-कूलिंग म्हणतो, ती घाईत गाळली गेली. घट्ट रचलेल्या क्रेटच्या मधोमध गार हवा पोचलीच नाही, आणि भाजी रात्रभर आपल्याच श्वसनाच्या उबेत बसली. पंख्याने क्रेटच्या भोकांतून गार हवा ओढून घेणारी साधी व्यवस्था असती, तर थंड खोलीत नुसतं ठेवून जे व्हायला दिवस लागतो ते काही तासांत झालं असतं.

माल त्या दिवशी स्वीकारला गेला. दिसायला हिरवागार होता, पानं ताठ होती. चार-पाच दिवसांनी ती भाजी कुणाच्या तरी फ्रिजमध्ये काळी, लिबलिबीत झाली असणार, आणि त्या घरातल्या बाईने 'माझंच चुकलं, लक्षात राहिलं नाही' म्हणून ती टाकली असणार. मोजणीत ती 'घरगुती नासाडी' म्हणून नोंदली जाते. मला हे अजून सलतं. आपण दोष त्या घराला देतो.

थंडी हाच सगळ्यावर इलाज आहे असंही नाही. केळं साधारण १३ अंशांच्या खाली गेलं की त्याच्या पेशींना इजा होते, साल काळवंडते आणि ते नीट पिकत नाही. टोमॅटो फार गार ठेवला तर चव आणि पोत दोन्ही जातात. शिवाय इथिलीन. सफरचंद, केळं, पिकलेला टोमॅटो हा वायू सोडतात. काकडी, ब्रोकोली आणि पालेभाज्या त्याने पिवळ्या पडतात. एकाच खोलीत, एकाच गाडीत सगळं कोंबलं की तापमान अचूक असूनही दिवस गळत राहतात. धान्याचं गणित वेगळं आहे, तिथे खरा शत्रू ओल. दाण्यातली आर्द्रता साधारण १३-१४ टक्क्यांच्या वर असताना पोती भरली की बुरशी धरते, आणि काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. किड्यांवर एक सोपा उपाय म्हणजे हवाबंद पिशव्या. आतल्या किड्यांनी प्राणवायू संपवला की ते स्वतःच थांबतात, औषध लागत नाही. पर्ड्यू विद्यापीठाने चवळी साठवण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या तिहेरी थराच्या पिशव्या याच तत्त्वावर चालतात.

तापमानाने जातात तसे कागदावरही दिवस जातात, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जपानच्या अन्न व्यापारात 'एक तृतीयांश नियम' म्हणून रूढी आहे. तो कायदा नाही, व्यापाराची रीत आहे. समजा, एखाद्या पाकिटाचं आयुष्य सहा महिने आहे. पहिल्या दोन महिन्यांत ते उत्पादकाकडून दुकानात पोचलं पाहिजे, पुढच्या दोन महिन्यांत विकलं गेलं पाहिजे, शेवटचे दोन ग्राहकाचे. पहिले दोन महिने उलटले की दुकान माल नाकारतं, म्हणजे चार महिने आयुष्य शिल्लक असलेला माल परत. तिथे २०१९ मध्ये अन्ननासाडी कमी करण्याचा कायदा झाला आणि अनेक विक्रेते ही मर्यादा एक तृतीयांशावरून आयुष्याच्या निम्म्यापर्यंत शिथिल करू लागले. मी हे उदाहरण नेहमी देते, कारण इथे दिवसांची वाटणी उघडपणे लिहिलेली आहे. इतर ठिकाणी तीच वाटणी खरेदीच्या करारातल्या एका ओळीत लपलेली असते: 'पोचताना इतके टक्के आयुष्य शिल्लक हवं.' ती ओळ लिहिणाऱ्याला तिच्यामुळे फेकला गेलेला माल कधी दिसत नाही.

मागणीच्या अंदाजाचंही असंच. दुकानात मागणी थोडी वाढली की दुकानदार जरा जास्त मागवतो, वितरक त्याहून जास्त, उत्पादक त्याहूनही. आसूड ओढणाऱ्याचा हात थोडा हलतो आणि टोक मात्र सपकन फिरतं, तसं. मागणीतला हा फुगवटा एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच मांडून दाखवला होता. लोखंडी खिळ्यांच्या धंद्यात त्यातून गोदाम भरतं. ताज्या अन्नाच्या धंद्यात कचरा होतो. त्यातच पुरवठा कमी पडला तर दंड, अशी अट असली की पुरवठादार दरवेळी जास्तच बनवणार. जास्त बनवून फेकणं दंडापेक्षा स्वस्त पडतं.

दिसण्याच्या निकषांबद्दल सगळे बोलतात, म्हणून थोडक्यात. युरोपीय संघाने काकडीसह २६ फळं-भाज्यांच्या आकार-घाटाचे नियम १ जुलै २००९ पासून रद्द केले. कायदा गेला तरी खरेदीदारांचे स्वतःचे निकष राहिले, आणि शेतातली छाटणी त्यांच्याच मापाने होते. वाकडं फळ चवीला तसंच असतं, पण खोक्यात नीट बसत नाही, आणि सारं अडतं ते तिथे.

तारखांचा मुद्दा मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तो तुमच्या गोदामातही आहे आणि घरातही. पाकिटावर दोन जातीच्या तारखा असतात. 'या तारखेपर्यंत उत्तम' ही दर्जाची तारीख आहे. त्यानंतर बिस्किटाचा कुरकुरीतपणा थोडा कमी होईल, मसाल्याचा वास मंद होईल. तो माल आपोआप खराब होत नाही. 'या तारखेपर्यंतच वापरा' ही सुरक्षेची तारीख. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संघातल्या वर्षाच्या ८.८ कोटी टन अन्नकचऱ्यापैकी १० टक्क्यांपर्यंतचा कचरा तारखांच्या छापणीशी जोडलेला आढळला. दोन्ही तारखांना एकाच भीतीने वागवलं की हे होतं.

पण याची उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगते. 'वास घेऊन बघा, बरा असेल तर खा' हा सल्ला सरसकट देऊ नका. दर्जाच्या तारखेला तो चालतो. सुरक्षेच्या तारखेला चालत नाही, कारण लिस्टेरियासारखा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याला वास नसतो. गरोदर स्त्रिया, वृद्ध, आजारी माणसं यांच्या बाबतीत नासाडी वाचवण्यासाठी एक घासही जोखमीचा नको. तारीख जवळ आली असेल तर त्याआधीच गोठवा. गोठवलं की घड्याळ थांबतं, मागे मात्र जात नाही.

आता तुमचं उपाहारगृह. इथे मला शितावरून भाताची परीक्षा करू नका असंच म्हणावंसं वाटतं. उरलेल्याचा एक मोठा डबा बघून 'लोक ताटात टाकतात' असा निष्कर्ष बहुतेक व्यवस्थापक काढतात. एका ठिकाणी मलाही हेच सांगितलं होतं, भिंतीवर 'अन्न टाकू नका' अशी पाटीही लावली होती. मी भांडी परत देण्याच्या खिडकीपाशी स्टूल टाकून बसले. तीन बादल्या ठेवल्या: निवडताना-चिरताना निघालेलं, शिजवून वाढलंच न गेलेलं, आणि ताटात उरलेलं. प्रत्येकीखाली काटा. चार दिवस.

ताटातली बादली सगळ्यात हलकी भरली. मधली सगळ्यात जड, आणि ती रोज एकाच वेळी भरायची: जेवणाची वेळ संपल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. विचारलं तेव्हा मुख्य आचारी म्हणाला, 'शेवटच्या माणसालाही सगळी भांडी भरलेली दिसली पाहिजेत असा नियम आहे.' पाटीवरचा उपदेश जेवणाऱ्यांना होता आणि कचरा त्या नियमातून येत होता. नियम बदलायला एक बैठक पुरली. शेवटचा पाऊण तास मोठी पातेली काढून छोटी ठेवली, एक-दोन पदार्थ संपले तर संपू दिले, आणि भात एकदम न शिजवता तीन खेपांत शिजवायला घेतला. आचाऱ्याला सुरुवातीला कमीपणा वाटला. स्वयंपाकघरात 'कमी पडणं' ही फार मोठी नाचक्की असते. ती भीती समजून घेतल्याशिवाय कुठलाच आकडा खाली येत नाही. त्याला साहेबांच्या तोंडून 'संपलं तर तुला कोणी बोलणार नाही' हे ऐकायचं होतं.

म्हणून तुम्हीही आधी मोजा, आणि तीन बादल्यांत मोजा. पहिला आठवडा काहीही बदलू नका, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. पहिल्या बादलीत जास्त असेल तर चिरण्याची पद्धत किंवा आलेल्या मालाचा दर्जा बघा. दुसरीत असेल तर अंदाज आणि खेपा. तिसरीत असेल तर वाढणीचा डाव किती मोठा आहे ते बघा, ताट किती मोठं आहे, आणि कोणता पदार्थ परत येतोय. सगळ्या पदार्थांचं एकत्र वजन निरुपयोगी असतं. एखादीच भाजी रोज परत येत असेल तर प्रश्न चवीचा आहे, आणि चवीच्या प्रश्नाला जागरूकतेची पाटी हे उत्तर नाही.

उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं असेल तर ते झटपट थंड करावं लागतं. खोल पातेलं तसंच शीतकपाटात ठेवलं की मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. अमेरिकेच्या अन्नसंहितेत यासाठी दोन टप्पे दिले आहेत: ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. पाच सेंटीमीटरपेक्षा जाड थर न ठेवता उथळ ट्रेमध्ये पसरलं तर हे जमतं. भाताबाबत विशेष जपा. त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला तर तो जे विष तयार करतो ते पुन्हा गरम करूनही जात नाही. नीट थंड झालेलं नसेल तर ते टाकावं लागलं तरी टाका. उरवायचंच नाही यावर मेहनत घ्या.

घरासाठी मी बारीकसारीक सूचनांची यादी देत नाही. त्या सगळ्यांना माहीत असतात आणि तरी भाजी सडते. माझ्या पाहणीत घरातली नासाडी निष्काळजीपणातून कमी आणि चांगल्या हेतूंतून जास्त होते. 'या आठवड्यात रोज ताजं करायचं' म्हणून शनिवारी पिशवी भरली जाते, आणि मंगळवारी उशीर होतो, गुरुवारी बाहेर खाणं होतं. लोक सात दिवसांचा बेत करतात आणि आयुष्य त्यातले दोन दिवस हमखास घेऊन जातं. म्हणून बेत पाचच दिवसांचा करा. सातव्या दिवशी काही नसलं तर डाळ-भात-अंडी यांतलं काही ना काही असतंच. 'एकावर एक मोफत' घेताना दुसऱ्या नगाचे दिवस मोजा. मोफत मिळालेलं दुसरं पाकीट म्हणजे पुष्कळदा दुकानाने आपला शिळा होत चाललेला माल तुमच्या फ्रिजमध्ये हलवलेला असतो.

आणि फ्रिजमध्ये खरंच एक थर्मामीटर ठेवा. पाण्याच्या पेल्यात बुडवून, मधल्या कप्प्यात, रात्रभर. बटणावरचे १ ते ५ हे आकडे तापमानाचे नसतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. ५ अंशांच्या वर असेल तर दूध, मांस, शिजवलेलं अन्न सगळ्याचेच दिवस कमी होताहेत. दरवाजाचा कप्पा सगळ्यात उबदार असतो, तिथे दूध नको. पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, त्यातला स्टार्च तिथे लवकर कडक होतो. बाहेर ठेवा, नाहीतर काप करून थेट फ्रीझरमध्ये. डोळ्यांसमोरच्या एका कप्प्यावर फक्त 'आधी संपवायचं' एवढंच ठेवा. माझ्या घरात बाकी कुठल्याही उपायापेक्षा हा एक कप्पा जास्त उपयोगी पडला आहे.

दान आणि खत याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच येतो. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा केला: ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटनी खाण्याजोगं न विकलेलं अन्न मुद्दाम खराब करून फेकायचं नाही, सामाजिक संस्थांशी दानाचा करार करायचा. मला तो कायदा आवडतो. पण दान घेणाऱ्यांच्या बाजूने मी काही काळ काम केलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी शनिवारच्या तारखेचे शेकडो डबे येतात तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांसमोर एकच काम उरतं: वाटता येतील तेवढे वाटायचे आणि बाकीचे आपल्या हाताने टाकायचे. देणाऱ्याच्या वहीत दान, घेणाऱ्याच्या वहीत कचरा. देणारा दोन दिवस आधी निर्णय घेऊ शकला असता. दान द्यायचं तर दिवस शिल्लक असताना द्या.

दक्षिण कोरियाने २००५ मध्ये अन्नकचरा जमिनीत पुरण्यावर बंदी घातली आणि २०१३ मध्ये प्रमाणानुसार शुल्क लावलं. तिथला बहुतांश अन्नकचरा आता खत, पशुखाद्य, बायोगॅस यांत जातो. याचा खरा फायदा मोठा आहे, कारण पुरलेलं अन्न हवेशिवाय कुजतं आणि मिथेन सोडतं. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. वाया जाणाऱ्या अन्नाचा जगाच्या एकूण हरितगृह वायूंतला वाटा ८ ते १० टक्के धरतात. तरी एक गोष्ट मी प्रत्येक स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा सांगते. खताच्या खड्ड्यात गेलेल्या भाताचं पाणी, खत, डिझेल, सरपण आणि ज्यांनी तो पिकवला त्यांची मेहनत परत येत नाही. खतासाठी साली आहेत. खतयंत्र बसवल्यावर मधली बादली हलकी होण्याऐवजी जड झालेली मी पाहिली आहे, कारण आता टाकताना कोणाला वाईट वाटत नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतलं १२.३ हे उद्दिष्ट २०३० पर्यंत दुकानं आणि ग्राहक यांच्याकडची माणशी नासाडी निम्मी करायला सांगतं. पुरवठा साखळीतल्या नुकसानीसाठी मात्र 'कमी करा' एवढंच म्हणतं, आकडा नाही. ही मोकळीक मला खटकते. उद्दिष्टाचा नेमका भार टोकाच्या माणसावर आहे आणि दिवस खर्च करणाऱ्यांना तो नाही.

म्हणूनच तुम्ही बसला आहात ती खरेदीची खुर्ची महत्त्वाची आहे. घरातल्या ग्राहकाला ट्रकमधला मधला क्रेट उघडता येत नाही, तुम्हाला येतो. पुरवठादाराला भावाआधी विचारा: माल कधी काढला, काढल्यावर किती तासांत थंड केला. उत्तर नसेल तर पुढच्या वेळी क्रेटवर काढणीची तारीख आणि वेळ लिहून मागा. माल उतरवताना दाराजवळचा क्रेट सोडा, मधला काढायला लावा आणि प्रोब जुडीच्या पोटात घाला. मिळालेलं तापमान बादल्यांच्या वजनाच्याच वहीत, शेजारच्या रकान्यात लिहा. तीन आठवडे दोन्ही रकाने भरले की पहिल्या बादलीतला कुजका माल कोणत्या गाडीतून येतो ते तुमचं तुम्हालाच दिसेल. त्या पुरवठादाराशी बोलायला बसताना वही सोबत न्या, आणि दंडाची भाषा शेवटी ठेवा. बऱ्याच वेळा त्यालाही कोणी मधला क्रेट उघडून दाखवलेला नसतो.